तळव्यावरची किल्ली

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, उरलेले खिडक्यांत चढले, आणि सगळ्यांचे डोळे एका उघड्या पावलावर. व्यासपीठावर डोळ्यांना पट्टी बांधलेला एक माणूस बसला होता. समोर नादगुरू. गुरूंच्या एका हातात पांढरं पीस, दुसऱ्या हातात दांडी, मांडीशी पितळी वाटी. पीस पावलाला टेकलं, त्याच क्षणी दांडी वाटीवर पडली. टण्ण!

"लागलं," तो माणूस म्हणाला. "अंगठ्याला लागलं."

मधुमेहानं बधिर झालेल्या पावलाला पिसाचा स्पर्श कळला, म्हणून सभागृह हरखून गेलं. "नसा मेलेल्या नसतात हो, त्या रुसलेल्या असतात," गुरू माइकवरून सांगत होते. "नाद गुडघ्यातून उतरतो, घोट्याला वळसा घालतो आणि एकेक नस हाक मारून उठवतो." आता नाद घोट्याशी कुठल्या बाजूनं वळतो, हे विचारायची छाती कुणाची होणार?

पट्टी बांधलेला माणूस शाळेची व्हॅन चालवायचा. त्याची बायको व्यासपीठाच्या पायरीशी उभी होती. व्हॅनमध्ये मागं बसून मुलांना चढवायचं-उतरवायचं काम तिचं, म्हणून मुलं तिला मावशी म्हणायची आणि पालकही तेच म्हणायला लागले होते. आज मावशीच्या जिवात जीव नव्हता. गेल्या महिन्यात नवऱ्याचा पाय ब्रेकवर आहे असं त्याला वाटलं आणि व्हॅन शाळेच्या फाटकावर आदळली. पाय ब्रेकच्या बाजूलाच होता. नशीब, मुलं आधीच उतरली होती.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मावशी शेजारीच होती. त्यांनी डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा जाड दोरा टोचला आणि दर खेपेला विचारलं, "आता?" मधूनच ते दोरा न लावताही "आता?" म्हणायचे. हा काय चावटपणा, असं तेव्हा तिला वाटलं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, व्हॅन बंद. मग हे नादगुरू आले. उद्यापासून मुलांना घेऊन जाणार, असं तो पालकांना सांगूनही बसला.

त्यातच आज सकाळी व्हॅनची किल्ली हरवली. सगळं घर पालथं घातलं, मग अंगण आणि गल्लीही धुंडाळली. "तूच लपवलीस," तो म्हणाला. "मी बरा झालेला तुला बघवत नाही." ते शब्द तिला चांगलेच लागले.

"ताई, हा पाय पुसून घ्या, मग दुसरा घेऊ," गुरूंनी फर्मावलं आणि ते गर्दीकडे वळून पुढचं पुराण लावायला लागले. मावशी वर गेली. फडकं घेऊन तिनं नवऱ्याचं तेच, पीस कळलेलं उजवं पाऊल उचललं आणि तिचा हात थांबला.

तळव्यावर किल्ली उमटली होती. गोल डोकं, सरळ दांडा, वर दातेसुद्धा. भोवती कातडी काळीनिळी पडलेली. जोडे बाहेर काढून ठेवले होते. सकाळपासून हा माणूस किल्ली शोधत किल्लीवरूनच चालला होता.

पीस कळलं आणि किल्ली कळली नाही?

डॉक्टरांचा तो 'चावटपणा' तिला आत्ता उमगला: काही न लावताही हा 'लागलं' म्हणतो का, तेच ते बघत होते. पीस तिनं दूर सरकवलं, दांडी उचलली आणि पायाला बोटही न लावता वाटीवर मारली.

टण्ण.

"लागलं," नवरा आनंदानं म्हणाला. "करंगळीला."

पुढच्या रांगांतले लोक माना उंचावून बघायला लागले. तिनं पुन्हा वाजवलं. "लागलं. टाचेला." मग दांडी खाली ठेवून तिनं अंगठ्याचं नख त्याच्या तळव्यात जोरानं रुतवलं. तो हसऱ्या चेहऱ्यानं पुढच्या नादाची वाट बघत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरूंनी धावत येऊन दांडी हिसकावली. "अश्रद्धेनं नाद तुटतो!"

"नाद तर वाजला की," खिडकीतून कुणीतरी म्हणालं. "नव्हतं ते पीस."

मावशीनं नवऱ्याची पट्टी सोडली. "अहो, तुम्ही खोटं नाही बोललात," ती हळूच म्हणाली. "कानानं ऐकलं, मनाला हवं होतं, म्हणून पायाला लागलं. पण ब्रेक काही वाटी वाजवून सांगत नाही हो."

तो तिच्या आधारानं बाहेर आला. तिनं उजवा जोडा उपडा केला. किल्ली पायरीवर पडली. घरच्या खुंटीवरून खालच्या जोड्यात कधी पडली कोण जाणे. त्यानं आपला तळवा वळवून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग किल्ली उचलून तिच्या हातात दिली.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "आणि सकाळचं ते मनात ठेवू नकोस."

"आधी डॉक्टरांकडे चला," मावशी म्हणाली. "तळवा दाखवू. पालकांना मी सांगते."

मंडळी, साखर नसा पोखरते तेव्हा दुखणंच बंद होतं, आणि न दुखणारा पाय बरा वाटतो. म्हणून जोडा घालण्याआधी तो झटका, रोज तळवा बघा, पायाचं गाऱ्हाणं डॉक्टरांकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवायला बसला, तर भांडू नका. एवढंच म्हणा: महाराज, वाटी बाजूला ठेवा आणि मग करून दाखवा.