पाट्यांचा कॉलम

आमच्या वस्तीच्या समाजभवनाच्या पोर्चला चार कॉलम आहेत आणि चारही मेलेल्या माणसांच्या नावांनी भरलेले आहेत. कोणाच्या घरी कोणी गेलं की वर्षाच्या आत संगमरवराची पाटी येते. 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ' आणि खाली दान देणाऱ्याचं नाव. खालचं नाव बरेचदा वरच्यापेक्षा मोठं असतं. पंखा दिला तरी पाटी, सतरंजी दिली तरी पाटी. सतरंजी कधीच फाटून गेली, पाटी आहे.

माझी बायको इंदू जानेवारीत गेली. किडनीचा आजार होता. सौंसर ते नागपूर दोन महिने बसनं ने-आण केली आणि शेवटी तिथल्याच दवाखान्यात गेली. जूनमध्ये माझा मुलगा नितीन पाटी बनवून घेऊन आला. चांगली जाड पाटी, अक्षरं खोदून काळी केलेली. त्यानं ती पलंगावर ठेवली, इंदू झोपायची त्या बाजूला. 

समितीचे अध्यक्ष दिलीपभाऊ दुसऱ्याच दिवशी घरी आले. सरकारी कचेरीत बाबू होते, आता निवृत्त आहेत, पण कानावर पेन अजून असतो.

"जय भीम, वामनदादा. जागा पाहून घ्या. समोरचा उजवा कॉलम. तुमच्या बाबाची पाटी तिथंच हाय. त्याच्या वर इंदूवहिनी."

"सासऱ्याच्या डोक्यावर सून?"

"मंग खाली लावा. तुमच्या घरचा मामला हाय. पण आषाढी पौर्णिमेच्या आधी लावा. वर्षावास सुरू झाला का बाया रोज संध्याकाळी पोर्चमधी ग्रंथ ऐकाले बसते. साऱ्यायच्या नजरेत राहीन."

वर्षावासाचे तीन महिने आमच्याकडे रोज वाचन होतं. चाळीसेक बाया आणि त्यांची पोरं त्या पोर्चखाली बसतात. इंदू बसायची ती त्याच कॉलमला पाठ टेकून.

मी चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. जागा पाहायला गेलो तर टेपसोबत हातोडीही नेली, सवय आहे. समोरच्या उजव्या कॉलमवर दोन ठोके मारले आणि थांबलो. खाली ठोकला, वर ठोकला. पाटीच्या बाजूनं उभी भेग वर गेली होती, केसाएवढी नाही, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. भेगेच्या कडेला तांबडा ओघळ होता.

"काऊन ठोकून राहिले जी?" दिलीपभाऊ मागं येऊन उभे होते.

"पोकळ बोलून राहिला."

"कॉलम कधी बोलते का?"

"ठोकला त बोलते. आतला लोहा सडला, दिलीपभाऊ. पाट्या काढा लागतीन."

"पाट्या काऊन काढा लागते? पुट्टी मारून देऊ न. आजकाल डब्यात येते, वॉटरप्रूफ. वरून एक हात ऑइल पेंट. पौर्णिमेले चकाचक."

हे साहेब आयुष्यभर फायलीवर नवीन कव्हर चढवत आले, त्यांना कॉलमही फाइलच वाटतो. आतला लोहा गंजला की फुगतो आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडतो. पुट्टीनं तो थांबत नाही, फक्त दिसायचा बंद होतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पेंटचा रंग कोणता घ्यावा ते विचारलं.

मिस्त्रीचं कोणी ऐकत नाही, इंजिनिअरचं ऐकतात. म्हणून मी करुणाला बोलावलं. वस्तीतलीच पोरगी. पॉलिटेक्निक करून पांढुर्ण्याला एका खाजगी इंजिनिअरच्या ऑफिसात लागली आहे. रविवारी पिशवी घेऊन आली. तिच्याकडे एक हातोडा होता, तो कॉलमवर दाबला की टक् करून मागं उडतो आणि आकडा दाखवतो. आकडा जास्त तर काँक्रीट टणक. बघायला निम्मी वस्ती जमली. आमच्याकडे सभेला येत नाहीत, तमाशाला येतात.

जिथं पाटी नव्हती त्या मागच्या बाजूनं तिनं दहा ठिकाणी हातोडा दाबला.

"काका, काँक्रीट त मस्त हाय. ज्यानं टाकलं, चांगलं टाकलं."

टाकलं होतं मीच, अठ्ठ्याण्णव साली. पंधरा दिवस गोणपाटाचा बारदाना गुंडाळून सकाळ-संध्याकाळ तराई केली होती, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवलं होतं. कॉलमला पाणी इंदू मारायची, नितीनला कडेवर घेऊन. माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला सांगू.

मग करुणा समोर आली. भेगेजवळचा सैल तुकडा तिनं छिन्नीनं पाडला आणि आत बाटलीतलं औषध फवारलं. म्हणाली, काँक्रीटमध्ये दम असला तर हे गुलाबी होते, आणि दम आहे तोवर आतल्या लोह्याला गंज लागत नाही. मागच्या बाजूला तिनं आधी असंच पाडून फवारलं होतं तेव्हा पानाची पिचकारी मारल्यासारखं लाल-गुलाबी झालं होतं. इथं काहीच झालं नाही. पाणी शिंपडल्यासारखं ओलं झालं, बस. तिनं अजून खोल पाडलं, पार लोह्यापर्यंत. तरी नाही.

"पाट्या कशा बसवल्या होत्या, काका?"

आता हेही मलाच विचारायचं होतं. पाटी बाहेर आलेली वाईट दिसते, भिंतीच्या सपाटीत पाहिजे, असा सगळ्यांचा हट्ट. मग कॉलमला छिन्नीनं खाच पाडायची, पाटी आत बसवायची, चार कोपऱ्यांत भोकं पाडून खिळे मारायचे. लोह्यावर बाहेरून दीड इंच काँक्रीट असतं, तेच त्याचं संरक्षण. ते मी प्रत्येक पाटीला एक-एक इंच खाऊन टाकलं. कधीकधी लोहा दिसायचा, त्यावर सिमेंटचा मसाला थापायचा. वस्तीतली एकही पाटी दुसऱ्या मिस्त्रीनं बसवलेली नाही.

"मीच बसवल्या," मी म्हणालो.

"बरं. आणि धुता कशानं?"

दिलीपभाऊंची बायको स्मिता म्हणाली, "तेजाबानं. दरवर्षी तेरा एप्रिलले. जयंतीच्या आधी पाट्या पांढऱ्या दिसल्या पाहिजे न. फेस येते, मळ निघून जाते."

"मळ नाई निघत, काकू. दगड निघते. आणि तेच तेजाब भोकातून आत जाते. लोह्यासाठी याच्यापेक्षा वाईट काही नाई." करुणानं बाकीचे तीन कॉलम पाहिले, मग परत समोर आली. "तिथं सुरुवात झाली हाय. पण हा सगळ्यात जास्त खराब. हा कोण धुवत होतं?"

स्मिता माझ्याकडे पाहू लागली. मग खाली.

हा कॉलम इंदू धुवायची. सासऱ्याची पाटी आहे म्हणून दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. बाकीच्या बाया तेजाबाचा एक हात मारायच्या, ती तीन. आणि तेजाबाची बाटली तिला हार्डवेअरच्या दुकानातून मीच आणून द्यायचो, दरवर्षी.

करुणानं कागदावर लिहून दिलं. वर्षावास इथं बसवू नका. आधी पोर्चच्या बीमला लोखंडी टेके लावा. पाट्या सगळ्या काढा. सैल काँक्रीट लोह्याच्या मागंपर्यंत फोडा, गंज घासून काढा, नवीन लोहा जोडा, मग कॉलमला चारी बाजूंनी चार-चार इंचाचं नवीन काँक्रीट चढवा. तराई पूर्ण. एका वेळी एकच कॉलम फोडा. आणि त्यानंतर त्यात एकही भोक नको.

संध्याकाळी सभा झाली. सभेत मला माझी वस्ती कळली.

कोणी म्हणालं, आमच्या बाबाची पाटी काढून ठेवू कुठं, कपाटात? कोणी म्हणालं, मागच्या कॉलमची नका काढू, तो चांगला आहे, म्हणजे त्याची पाटी मागच्या कॉलमवर होती. वस्तीतला कुलदीप, ज्यानं स्वतः कधी खिळा ठोकला नाही, म्हणाला, "एवढे साल उभा हाय, पडाचा असता त पडला असता." या एका वाक्यावर या देशातली अर्धी घरं उभी आहेत.

मग दिलीपभाऊ उठले. "मी काही म्हणत नाई. पण लोक म्हणून राहिले. वामनदादाले समोर मोठी जागा पाहिजे घरच्या पाटीसाठी. म्हणून बाकीच्यायच्या काढाले लावून राहिले."

नितीन माझ्या बाजूला बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी उभा राहिलो.

"इंदूची पाटी लागणार नाई. समोर नाई, मागं नाई, कुठंच नाई. आता बोला."

नितीन उठून निघून गेला.

घरी आलो तर तो पाटी कपड्यात गुंडाळून बसला होता.

"मले न विचारता सांगून देलं तुम्ही."

"हो."

"आई पंचवीस साल तिथं झाडत होती. कुलदीपच्या आजीची पाटी हाय, जिनं कधी पायरी चढली नाई. आईचं नाव राहणार नाई?"

"त्या कॉलमवर नाई राहणार."

"तुम्ही त्या कॉलमचा राग आईवर काढून राहिले."

खरं म्हणजे मला राग होता. तिच्यावर होता, बाटली आणून देणाऱ्यावर होता, कोणावर किती ते मलाही ठरवता येत नव्हतं. आणि ज्याच्याशी भांडायचं ती घरात नव्हती. मी नितीनला म्हणालो, सकाळी चल, छिन्नी धराले एक माणूस पाहिजे. 

सकाळी मी एकटाच गेलो. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा मला हक्क नव्हता. माझ्या बाबाच्या पाटीला होता. 'कालकथित रामाजी सोमकुवर'. आधी बीमखाली भाड्याचे टेके लावले, घट्ट केले. मग पाटीच्या कडेनं छिन्नी घातली. आठ-दहा घाव लागतील असं वाटलं होतं. दोनातच पाटी हातात आली, आणि तिच्या मागं काँक्रीटचं परातीएवढं ढलपं घेऊन आली.

आतला लोहा बोटाएवढा टाकला होता मी. उरला होता पेन्सिलीएवढा. बाकीचा पापुद्रे होऊन खाली पडत होता. मी नख लावलं तर निघाला.

तोवर नितीन येऊन उभा राहिला होता. किती वेळ ते माहीत नाही. त्यानं माझ्या हातातून पाटी घेतली, भिंतीला टेकवली आणि म्हातारी जयवंताबाई समोर राहते तिला हाक मारली. तिच्या नवऱ्याची पाटी त्याच कॉलमवर खाली होती. ती काठी टेकत आली, वाकून आत पाहिलं. बोट घालून एक पापुद्रा काढला आणि पदराला पुसला.

"हे काय हाय, वामन?"

"लोहा, जयवंतामाय."

"आन याच्याखाली आमी तीन-तीन महिने बसून राहिलो?"

"हो."

"मंग माह्या बुढ्यालेही काढ. तो तसाही जिवंतपणी कोणाले आधार देत नव्हता."

तिची पाटी निघाल्यावर बाकीचे लाजेनं आले. पटलं म्हणून नाही. जयवंताबाईनं काढली आणि आपण नाही काढली तर लोक काय म्हणतील म्हणून. मला चालतं, टेक्यावरचा भार कारण विचारत नाही. कुलदीप आला, आजीची पाटी हळूच काढा म्हणाला, फोटो काढला. दिलीपभाऊंची पाटी सगळ्यात मोठी होती, त्यांच्या वडिलांची, रंगीत फोटोवाली. ती शेवटी निघाली, स्मितानं काढायला लावली.

त्या वर्षीचा वर्षावास जयवंताबाईच्या अंगणात झाला, ताडपत्रीखाली. माल समितीनं आणला, पुट्टीचा एक डबाही आणला, तो मी परत पाठवला. काम मी आणि नितीननं केलं, करुणा दर रविवारी येऊन पाहून जायची. समोरच्या कॉलमचा गंज नितीननं तारेच्या ब्रशनं एवढा घासला की लोहा चांदीसारखा निघाला. जास्त घासू नको, मी म्हणालो. तो म्हणाला, राहू द्या. त्याच्या आईसारखाच घासत होता. मी तिथून उठलो आणि विनाकारण रेती चाळत बसलो.

काँक्रीट चढवलं, फळ्या काढल्या, बारदाना गुंडाळला. प्रत्येकाला चौदा दिवस पाणी. कॉलम आता जाडजूड दिसतो, पायजम्यावर पायजमा घातल्यासारखा. लोक म्हणाले, शोभत नाही. त्यांना मी म्हणालो, शोभेसाठी लग्नात मंडप टाकता, तिथं जात जा.

नवव्या दिवशी पाणी मारायला गेलो तर समोरच्या कॉलमचा बारदाना वरून सरकवलेला होता. ओल्या काँक्रीटवर पेननं चौकोन आखला होता. चार कोपऱ्यांत चार टिंबं, भोकांसाठी. दिलीपभाऊ पायरीवर बसले होते, पेन कानावर.

"हे काय, दिलीपभाऊ?"

"नवीन काँक्रीट मजबूत हाय न आता. करुणाच म्हणे. एका पाटीनं काय होते." ते उठून जवळ आले आणि हळू बोलले, "माह्या बाबाची नाई, वामनदादा. बाकी कोणाचीच नाई. इंदूवहिनीसाठीच खूण केली. त्या दिवशी सभेत मी जास्त बोललो."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. डोळे ओले होते. चौकोन बरोबर मापाचा होता, नितीनकडून माप घेतलं असणार.

मी बादलीत बारदाना बुडवला आणि चौकोन पुसला. शाई लवकर जात नव्हती, दोन-तीनदा घासावं लागलं. टिंबंही पुसली. मग बारदाना परत वरपर्यंत ओढला, सुतळीनं बांधला आणि अजून एक बादली ओतली.

"पाच दिवस राहिले," मी म्हणालो. "आलेच हाय तुम्ही, त मागच्या कॉलमलेही पाणी मारा."