आंदणाचा नव्हे

उचगावच्या सोनूबाईला फ्रीज हवा होता तो पोरीच्या इन्सुलिनसाठी, आणि ही गोष्ट घरातल्या तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. अक्षताला चौदाव्या वर्षी शुगर निघाली. तेव्हापासून दिवसातनं दोनदा सुई. आईनं ती अशी लपवली, की शेजारच्या शालूबाईला पाच वर्षांत सुगावा लागला नाही. औषधाची बाटली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मातीच्या मडक्यात, गार पाण्यात ठेवायची. पण २००७ सालचा एप्रिल असा काही तापला, की मडकंही निवेना. औषध नासलं आणि पोर तीन दिवस दवाखान्यात पडली. गल्लीत सांगितलं, टायफॉईड झालाय. खोटं बोलायचं तर टायफॉईडसारखा सोयीचा आजार नाही!

फ्रीज घ्यायचं ठरलं आणि नेमकं तेव्हाच कसबा बावड्याचं स्थळ जमत आलं. पोरगा नोकरीत कायम, माणसं चांगली, सुपारी येत्या रविवारी फुटायची होती. पोराचे मामा कृष्णात म्हणजे मोटर वाइंडिंगच्या दुकानाचे मालक, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळे. फ्रीजची कुणकुण लागताच त्यांनी धरूनच टाकलं, की हे पोरीचं आंदण. सकाळीच दारात हजर.

"जय भीम, वैनी. अक्षताचे आबा फौंड्रीत ड्यूटीवर, तुम्ही एकट्या काय जाताय? दुकानदार टोपी घालतोय. मी येतो की!"

सोनूबाईला नको म्हणता आलं नाही. आंदण नव्हं, असंही म्हणता आलं नाही. आपण गप्प बसलो तर ते काही खोटं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली.

राजारामपुरीतल्या दुकानात फ्रीजवर नव्यानं निघालेल्या चांदण्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. जेवढ्या चांदण्या जास्त, तेवढी वीज कमी. मामांनी सगळी दारं उघडून, पाठीमागं वाकून, मोटारीला कान लावून परीक्षा घेतली आणि दोन दारांचा उंच फ्रीज थोपटला.

"ह्यो घ्या. पाच चांदण्या! लाईट बिल हसत भरशीला. आणि आमच्या घरात शोभून दिसंल."

'आमच्या घरात' ऐकताच अक्षतानं आईकडं बघितलं. सोनूबाई भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिली.

अक्षतानं दुकानदाराला विचारलं, "लाईट गेल्यावर किती तास गार राहतोय?"

"उचगावात किती वेळ जाते?"

"सात-आठ तास."

"मग ताई, तो एका दाराचा बघा. चांदणी एक कमी हाय, पण वर बर्फाची लादी धरती. दार सारखं उघडलं न्हाय तर गारवा टिकतोय. ह्या उंच्यात तसा बर्फ साठत न्हाय."

मामा हसायला लागले. "अगं पोरी, दुधाच्या पिशवीसाठी एवढा विचार? नासलं तर दुसरं आणायचं!"

"दुधासाठी न्हाय, मामा," अक्षता म्हणाली. "माझ्या इन्सुलिनसाठी. मला शुगर हाय."

सोनूबाई झटकन दोघांच्या मधे आली. दुसऱ्याच क्षणी तिच्या तोंडातनं निघून गेलं, "चेष्टा करतीया, पावणं! हिला कसली शुगर? ठणठणीत हाय माझी पोर!"

अक्षतानं वाद घातला नाही. पर्स उघडून सुई दाखवली असती तर काम भागलं असतं, पण तिनं तेही केलं नाही. ती आईकडं नुसती बघत राहिली. मामांनी एकदा पोरीकडं, एकदा आईकडं बघितलं.

"वैनी, खरं काय ते सांगा."

सोनूबाईनं मनात हिशोब मांडला. होकार दिला तर स्थळ जाणार. नाही म्हटलं तर उंच फ्रीज बावड्याला जाणार आणि पोर सासरी चोरून सुया टोचणार. एखाद्या उन्हाळ्यात परत औषध नासलं, तर तिथं टायफॉईड कोण सांगणार?

"खरं हाय," ती म्हणाली. "पाच वर्सं झाली."

"हे आधी सांगायला पायजे होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही दारात आला असता?"

मामा दाराकडं वळले. वाईट माणूस नव्हता तो. चपला घालताना एवढंच म्हणाला, "घरात बोलून कळवतो." असलं कळवणं कधी येत नसतं, हे सोनूबाईला चांगलं माहीत होतं.

एका दाराचा फ्रीज टेम्पोत चढला. मायलेकी मागं त्याला धरून बसल्या. टेम्पो निघाला तशी अक्षता हुंदके द्यायला लागली.

"रडू नगंस माझे बाई," सोनूबाई म्हणाली. "एक गेलं तर दुसरं येतंय. सगळ्या जगात बावड्याचंच पोरगं हाय व्हय?"

"स्थळाचं न्हाय गं," अक्षता म्हणाली. "मी खरं सांगत हुतो आणि तू माझ्यादेखत न्हाय म्हणालीस."

सोनूबाईनं डोळे पुसायला पदर पुढं केला. पोरीनं तोंड फिरवलं आणि उचगाव येईपर्यंत ते तसंच ठेवलं.