गाडीखाली कोण होतं

"तेराचा नको, सत्तावीसचा द्या," गाडीखालून आवाज आला. "सगळ्यात जाडा असेल बघा."

छोटीने डब्यातला जाडा पाना उचलून खाली सरकवला. साठी उंबरठ्यावर येऊन ठेपली होती, तरी माहेरी ती अजून छोटीच होती. गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणी पडली होती ती तिची वहिनी, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दादाला जाऊन आठ महिने झाले होते आणि पाच वाजता त्याची गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

गिऱ्हाईक छोटीनेच शोधलं होतं. सकाळी येऊ, गाडी पुसू, चहा घेऊ, दादाच्या चार गोष्टी काढू, असा तिचा बेत होता. पण गाडीखाली तळहाताएवढं तेल साचलेलं होतं आणि वहिनी बाह्या सरसावून तयारच होती.

"अगं, घेणारा बघेल त्याचं तो. तू कशाला हात काळे करतेस?"

"गळकी गाडी नाही द्यायची मी कुणाला. ऑइल कूलरचं सील गेलंय. कूलर म्हणजे इंजिनाचं तेल गार करतो तो डबा, फिल्टरच्या मागे असतो. त्याला बांगडीएवढी रबराची चकती असते. ती वाळून कडक झाली की आलंच तेल बाहेर. नवी आणून ठेवलीय मी कालच."

छोटीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीचं मागचं दार उघडून ती आत बसली. फिकट निळ्या सीटचा रंग उडाला होता, पण वास तोच होता. ऊन खाल्लेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि दादाच्या पानसुपारीचा.

"दादा असता तर तासाभरात उरकलं असतं," ती म्हणाली. "घाटातलं आठवतं, वहिनी?"

ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की तिचं वळणन् वळण तिला पाठ होतं. पहिलं बाळंतपण. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. नवरा परगावी. दादा आणि वहिनी तिला याच सीटवर आडवं करून निघाले. भर दुपारी, ऐन चढावर तेलाची धार लागली आणि गाडी धूर ओकत उभी राहिली.

"अर्ध्या तासात गळती थांबवली दादाने. नाहीतर माझी लेक घाटातच झाली असती! आणि काय एकेक नकला करत होता, आमच्या गणिताच्या मास्तरांच्या. मी ओरडतेय, मध्येच हसतेय. आणि हात? एकदा म्हणून सोडला नाही माझा. माझी नखं रुतून त्याच्या मनगटातून रक्त..."

छोटी थांबली. तिने उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग ती गाडीतून उतरली.

"वहिनी, मग गाडीखाली कोण होतं?"

खालचा पान्याचा आवाज बंद झाला.

"फडकं द्या तेवढं," वहिनी म्हणाली. "तेल डोळ्यात येतंय."

छोटी गुडघ्यांवर बसली, वाकली. वहिनीने तोंड पुसलं.

"मीच होते. दुसरं कोण असणार? ह्यांना तर टोपण कुठलं पाण्याचं नि कुठलं तेलाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

"पण सगळे तर म्हणायचे..."

"सगळे म्हणायचे, वन्सं. हे नाही म्हणाले कधी. दवाखान्यात बाबांना खरं सांगायला गेले, तर बाबा चारचौघांत हसले. म्हणाले, बायकोच्या कौतुकाला काही सुमार? ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मग मीच म्हटलं, राहू द्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, नट कुणी आवळला त्याचं काय एवढं?" ती थोडी हसली. "पुढे तेच पडलं अंगवळणी. मी खाली, हे बॅटरी धरून. फाटक वाजलं की मी स्वयंपाकघरात पसार. पण बॅटरी फार छान धरायचे हो. सांगावं लागायचं नाही. मला बघायचं असेल तिथे उजेड आधीच पोचलेला असायचा."

दादाचं लग्न ठरलं तेव्हा 'गॅरेजवाल्याची मुलगी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत छोटी सगळ्यांत पुढे होती. वहिनीला ते ठाऊक होतं की नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. विटेला टेकवून ठेवलेली बॅटरी तिने उचलली आणि नव्या साडीचा विचार न करता ती फरशीवर आडवी झाली.

"डावीकडे जरा. आणखी. हं, तिथेच. हलवू नका."

साडेचारला त्यांनी तेल भरलं, पाणी भरलं आणि गाडी सुरू केली. वीस मिनिटांनी खाली पसरलेला कागद काढून बघितला. कोरडा ठणठणीत.

गिऱ्हाईक म्हणजे चष्मा लावलेला तरुण शिक्षक होता. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"इतकी जुनी गाडी आणि इतकी निगा! कोण बघायचं?"

"ह्यांचा फार जीव होता गाडीवर," वहिनी म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

"पुढे काही निघालंच, तर तुमच्या मेकॅनिकचा नंबर मिळेल? अशा गाड्यांची नस ओळखणारी माणसं आता कुठे राहिलीत?"

वहिनी काही बोलणार तेवढ्यात छोटी पुढे झाली.

"घ्या लिहून," म्हणाली, आणि एकेक आकडा नीट सांगितला.

शिक्षकाने खात्री करून घ्यायला तिथल्या तिथे नंबर लावला. खिडकीत ठेवलेला वहिनीचा फोन वाजू लागला. तो तिघांच्या मध्ये वाजत राहिला. शिक्षक एकदा फोनकडे बघे, एकदा या दोघींकडे.

वहिनीने छोटीकडे पाहिलं. मग फडक्याला सावकाश हात पुसले, फोन उचलून कानाला लावला आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या त्या माणसाला म्हणाली,

"हं, बोला."