वर्तुळाबाहेरचा ठिपका

मी फळ्यावर वर्तुळं काढणारा लाकडी कंपास. एका पायाला टोक, दुसऱ्यात खडू. सुताराने मला गणिताच्या वर्गासाठी घडवलं, पण मी जाऊन पडलो तत्त्वज्ञानाच्या सरांच्या घरी.

इथे आपलं काय काम, असं मला वाटलं होतं. पण सर घरच्या फळ्यावर मुलांना शिकवायला लागले की मला उसंत नसे. ‘सगळी माणसं मर्त्य’ म्हणताना वर्तुळात वर्तुळ मीच काढायचो. सर रंगात येऊन सांगत, कुणाला विश्वाच्या मुळाशी संख्या दिसली, कुणी नीतीचीही भूमितीसारखी प्रमेयं रचली, एकाला तर वाटलं की वाद पेटला तर भांडायचं कशाला, आकडेमोड करून मिटवू. आणि दरवर्षी बजावत, “सिद्धता नंतर तपासा. आधी गृहीतक बघा.” सरांची आईविना लेक कोपऱ्यात बसून हे ऐकतच मोठी झाली.

एक दिवस तिने सांगितलं, दूरच्या शहरात नोकरी लागली. सरांनी मला उचललं. मोठं वर्तुळ काढून लिहिलं, ‘सोडून न जाणारे’. त्याच्या आत छोटं, ‘आपली माणसं’. आणि पार बाहेर, फळ्याच्या कडेला, एक ठिपका.

“ही तू. आता निष्कर्ष तूच काढ.”

जाऊ नकोस म्हणायचं सोडून बापाने लेकीला आकृती काढून दाखवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

तिने एकेका वर्तुळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “बाबा, मांडणी बरोबर आहे. ‘आपली माणसं सोडून जात नाहीत’, हे पहिलंच वाक्य चुकलंय.”

आठवड्याने ती गेली. तिचे फोन येत, सर कामापुरतं बोलत. फळा मात्र त्यांनी कामाच्या मावशींना कधी पुसू दिला नाही. मला शरम वाटायची, वर्तुळं माझीच होती ना.

आजारपणात एका दुपारी सर भिंत धरत फळ्यापाशी आले. मोठं वर्तुळ हातानेच पुसलं. ‘आपली माणसं’च्या मधोमध माझं टोक रोवून पाय ताणला, पण ठिपक्यापर्यंत मी पोचलोच नाही. मग मला बाजूला ठेवून नुसत्या हातानेच त्यांनी ठिपक्याला पोटात घेणारं वेडंवाकडं वर्तुळ काढलं.

“चुकलं गं माझं,” फळ्यालाच म्हणाले. फोन उद्या करू म्हणून पडले, ते उठलेच नाहीत.

माणसं भेटायला येणार म्हणून मावशींनी चांगल्या मनाने फळा लख्ख पुसला. लेक पोचली तेव्हा तो कोरा होता.

आता मी तिच्या घरी असतो. कधीतरी ती मला हातात घेते, पाय उघडते, मिटते, परत ठेवते. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. कुठे भेटली तर एवढं सांगा, की पोरी, तू आत आहेस.