झोपाळ्याने पाहिलेला शेवटचा भाग

मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. भिवंडीजवळच्या खारबाव गावात, बाळारामच्या घराच्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर समोर मी टांगलेला आहे. मित्रांनो, झोपाळ्याचे आयुष्य सुखाचे असते असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. कपाटाला एका जागी उभे राहायला मिळते, पलंगाला आडवे पडायला मिळते. मला मात्र जमिनीवर पाय नाहीत. माझ्यावर बसणाऱ्याच्या मनात चलबिचल झाली की ती त्याच्या पायात उतरते आणि पायातून माझ्या कड्यांत येते. मग मला स्वस्थ राहता येत नाही.

माझी फळी शहापूरकडच्या एका सागाची. काळूराम सुताराने ती अंगणात बसून रंधली. तो पुन्हा पुन्हा तळहात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "बायकांचं लुगडं अडकाया नको." पितळी कड्या भिवंडीच्या बाजारातून आल्या. त्यांवर बारीक पोपट कोरलेले होते. बाळारामच्या वडिलांनी मला टांगले तेव्हा बाळाराम रांगत होता. त्याला मी कितीदा झोपवले आहे, म्हणून आजही मी त्याला अरेतुरेच करतो. पुढे त्याच्या हळदीला लग्नाचे धवले गाणारी धवलारीण माझ्यावरच बसून गायली. नवी सून द्रौपदी घरात आली, आणि सासूने तिला पहिल्याच दिवशी सांगितले, "उठताना हात लावून झोपाला थांबवायचा. रिकामा हलू द्यायचा न्हाय. घराला बरं नसतं." द्रौपदीने तो नेम कधी मोडला नाही. घरातला कुणी उठून तसाच गेला की ती हातातले काम टाकून येई, मला थांबवी, आणि गेलेल्याला स्वयंपाकघरातून चार शब्द ऐकवी.

त्या काळी भातझोडणीच्या दिवसांत माणसे माझ्यावर येऊन बसत, पण मी जवळजवळ हलत नसे. दमलेला माणूस झोका घेत नाही. तो नुसता बसतो. मला ते दिवस आठवतात आणि फार शांत वाटते.

मग शेतांच्या जागी गोदामे आली. बाळारामची खाडीलगतच्या खाजणाकडची जमीनही गेली. कौले उतरली, वर स्लॅब आला. बाळारामने स्लॅबमध्ये माझ्यासाठी मुद्दाम हूक बसवले, एवढे त्याचे उपकार. पण मागोमाग सोफा आला आणि माझ्यावर माणसांऐवजी न घडी घातलेले कपडे बसू लागले. कधी हेल्मेट, कधी चार्जर. कड्यांना तेल घालायचे कुणाला सुचेना. मी कुरकुरलो की बाळाराम म्हणे, "काढून टाकू याला दिवाळीत." दिवाळ्या येत आणि जात, आणि प्रत्येक दिवाळीला माझा जीव टांगणीला लागे.

मला पुन्हा माणसांत आणले ते एका मालिकेने. 'गोदाम नंबर नऊ' तिचे नाव. रविवारी संध्याकाळी लागायची. एक गोदाम, तिथला विसरभोळा शेठ, सदा पेंगणारा वॉचमन, गाणी म्हणत माल उचलणारा गाडीवाला, आणि या सगळ्यांना सांभाळून घेणारी मंदाकिनी. हसून हसून पुरेवाट व्हायची. गोदामांच्या गावात गोदामाची गंमत, मग काय विचारता! बाळारामचे मेहुणे, ज्यांना सगळे दाजीच म्हणत, ते खास निजामपुऱ्याहून रिक्षा करून यायचे. शेजारच्या ठमाबाई यायच्या. सोफ्यावरून टीव्ही तिरका दिसायचा, म्हणून सगळ्यांना मीच हवा असायचो. ठमाबाई तेवढ्या खाली बसत. "मना चक्कर येते त्याच्यावर," म्हणत.

आणि मध्ये बसायची उन्नती, बाळारामची एकुलती एक लेक. तीही गोदामातच नोकरीला होती. माल भरून निघणाऱ्या गाड्यांचा हिशेब ती बघायची. आणि गोदाम कुठले? बाळारामच्या जुन्या शेतावर उभे राहिलेले! बाळाराम कुणालाही अभिमानाने सांगायचा, "पोरगी कुठं लांब जात न्हाय. आपल्याच शेतावर जाते कामाला."

म्हणूनच उन्नतीची जीभ उचलत नव्हती. तिच्या कंपनीने तिला नागपूरच्या नव्या गोदामाची सगळी जबाबदारी देऊ केली होती. होय की नाही, ते सोमवारी कळवायचे होते. हे घरात फक्त मला माहीत होते, कारण माझ्यावर बसूनच ती मैत्रिणीशी फोनवर कुजबुजली होती. "सोनल, मला जायचंय गं. पण बाबांना कसं सांगू? गच्चीवर उभे राहून माझं ऑफिस बघतात ते." बोलताना तिची टाच जमिनीवर टकटक आपटत होती. तो आठवडाभर ती टकटक माझ्या कड्यांतून गेली नाही.

आणि योग बघा, त्याच रविवारी मालिकेच्या या पर्वाचा शेवटचा भाग होता. मंदाकिनीला इंदूरच्या मोठ्या गोदामात बढती मिळाली होती. ती जाणार की राहणार, हाच प्रश्न.

एका टोकाला बाळाराम, दुसऱ्याला दाजी, मध्ये उन्नती. ठमाबाई खाली लसूण सोलत होत्या. द्रौपदी स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन जवळ्याची सुकी मासळी निवडत होती. पडद्यावर मंदाकिनीने सगळ्यांचा निरोप घेतला. डबा उचलला. अर्ध्यावर आलेल्या शटरपाशी ती गेली, थबकली, मागे वळली, काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले आणि पडदा काळा झाला.

डोक्यावर पंखा फिरत होता.

"संपलं?" बाळाराम म्हणाला.

"अगो, पन ती बोलली काय?" ठमाबाईंनी विचारले.

"काही नाही बोलली. आजकाल असंच असतं," दाजी जाणकारपणे म्हणाले. "एंडिंग ओपन सोडतात. आपण घरी जाऊन डोकं खाजवायचं."

"डोकं कशाला खाजवायचं? ती न्हाय गेली," बाळाराम म्हणाला. "वलून बघितलं न तिनं? जानारा मानूस वलून बघत न्हाय."

"अरे, सरळ गेली! राहणारा माणूस डबा टेबलावर ठेवतो. हातात कशाला घेईल?"

"डबा रोजच नेत आसंल," ठमाबाई म्हणाल्या. "धुवाया नको का घरी?"

"ठमाबाई, तुम्ही लसूण बघा!"

मित्रांनो, झोपाळ्यावर बसून भांडू नये. बाळारामने पाय पुढे रेटला, दाजींनी मागे. मी धड पुढे जाईना, धड मागे येईना. वाकडातिकडा हेलकावू लागलो. कड्या करकरल्या. मधली उन्नती एकदा बापावर आदळे, एकदा दाजींवर.

"फालतू एंडिंग आहे," दाजी म्हणाले. "पण बढती कोण सोडतं? उद्या तिला कोणी विचारणार नाही."

"आनि गोदाम कोन बघंल?" बाळाराम उसळला. "त्या शेठला अक्कल हाय? वॉचमनला हाय? सगला भार तिच्यावर. ती गेली तर त्यांचं व्हनार कसं?"

"म्हणजे त्यांना अक्कल नाही म्हणून तिने थांबायचं का, बाबा?" उन्नती म्हणाली.

मी जागच्या जागी थांबलो. दाजी हसले. "घे! लेकीनेच पकडलं तुला."

"मी सिरेलचं बोलतोय," बाळाराम गुरगुरला.

"मीपण सिरीयलचंच बोलतेय."

दोघांतले एकच खरे बोलत होते, आणि ते मला ठाऊक होते.

"त्यापरीस त्या गाडीवाल्यासंगती तिचं लगीन लावायचं," ठमाबाईंनी निकाल दिला. "दोगं जातील इंदुराला. गानी बोलत."

सगळे हसले. बाळाराम मात्र हसला नाही. त्याने उठून टीव्हीचे बटण बंद केले आणि अंगणात निघून गेला. बाकीचेही उठले, तशी द्रौपदी आली आणि तिने हात लावून मला थांबवले. ती सगळ्या वादात एक अक्षर बोलली नव्हती. जाताना तिने लेकीच्या तोंडाकडे मात्र एकदा नीट पाहिले.

आता तुम्हाला खरी गोष्ट सांगतो. पडदा काळा होण्याआधी कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा 'टिक' असा आवाज आला होता. लाईट गेली होती! बाळारामने इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे जोडून घेतले होते, टीव्ही नाही. पंखा चालू राहिला म्हणून कुणाच्या ध्यानातच आले नाही. जो शेवट पाहिलाच नव्हता, त्याच्यावर ही माणसे एवढी हिरिरीने भांडली होती. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण झोपाळ्याला कुरकुरण्यापलीकडे काय येते?

सोमवारी सकाळी उन्नती फोन घेऊन माझ्यावर बसली. तिने कालचा भाग पुन्हा लावला, तेव्हा काल मध्येच लाईट गेली होती हे तिच्या ध्यानात आले. राहिलेला शेवट मीही ऐकला. मंदाकिनीने तोंड उघडले होते ते हे म्हणायला, "अय्या, चावी माझ्याकडेच राहिली!" ती मागे आली, पेंगणाऱ्या वॉचमनच्या हातात तिने चावी ठेवली, त्याची मूठ मिटली आणि शटरखालून वाकून निघून गेली. एवढेच. उन्नतीने फोन पालथा ठेवला. तिची टाच पुन्हा टकटक करू लागली.

बाळाराम चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला. "तुमच्या हाफिसात काय बोलतील गो आज? मंदा गेली का ऱ्हायली?"

"बाबा, शेवट आपण पाहिलाच नाही. काल लाईट गेली होती."

"काय बोलतेस! पंखा चालू व्हता की."

"पंखा इन्व्हर्टरवर आहे."

बाळारामने वर पंख्याकडे असे पाहिले, जणू त्यानेच दगा दिला होता. तेवढ्यात दारातून द्रौपदी म्हणाली, "मना कालच कललं व्हतं. टीवीचा तांबडा दिवा इझला न."

"मंग बोलली का न्हायस?"

"भांडताना मानूस पोटातलं बोलतं. मी ऐकत व्हती." द्रौपदी पदराला हात पुसत पुढे आली. "पोरगी सिरेलचं बोलत नव्हती, ओ. बोल गो, कुठं बोलवलंय तुना?"

टकटक थांबली. उन्नतीने सगळे सांगितले. नागपूर, नवे गोदाम, जबाबदारी, आणि आजच द्यायचा होकार. बाळारामने चहा तसाच धरून ठेवला. त्याचा पाय जमिनीवर घासत होता. मी पुढे जात होतो, मागे येत होतो, मला थाराच नव्हता.

"हितं काय कमी हाय?" तो शेवटी म्हणाला. "आपल्याच शेतावर..."

"बाबा, शेत कुठे आहे आता? तिथे कोबा आहे."

बोलून गेली आणि तिने ओठ चावला. बाळारामने कप खाली ठेवला. मला वाटले, हा आता उठणार आणि अंगणात जाणार. पण तो उठला नाही. त्याने विचारले, "ती मंदा. गेली का ती?"

"गेली."

"मंग वलून का बघितलं?"

"गोदामाची चावी तिच्याकडे राहिली होती. ती वॉचमनला दिली आणि मग गेली."

"चावी दिली?"

"दिली, बाबा."

बाळारामचा पाय हळूहळू थांबला. "मंग ठीक हाय," तो म्हणाला. "काम अर्धा टाकून न्हाय गेली. तू बी हितलं सगलं नीट हातात देऊन जा. हिशेबाची पाटी कोरी करून. लोकं बोलाया नको, बालारामची पोर तशीच गेली."

उन्नतीने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. भातझोडणीच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच माझ्यावर दोन माणसे बसली होती आणि मी हलत नव्हतो.

ती गेली त्या सकाळी दारात रिक्षा उभी होती. बॅगा आत चढवल्या गेल्या. दाजी मुद्दाम पोचवायला आले होते आणि ठमाबाईंना ऐकवत होते, "मी म्हटलं नव्हतं? डबा हातात होता!" ठमाबाई म्हणाल्या, "पन गाडीवाला कुठं हाय?" उन्नती हसली. चपला घालण्यापुरती ती माझ्यावर टेकली, आणि रिक्षावाल्याने हॉर्न दिला तशी पटकन उठून पळाली. मला थांबवायचे ती विसरली.

मी रिकामा हलत राहिलो. जाणार ते जाणारच, पण मला घराच्या नेमाची काळजी लागली. द्रौपदी दारातून परत आली, नेहमीसारखी माझ्याकडे वळली. तिने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. मग ती समोरच्या सोफ्यावर बसली आणि नुसती माझ्याकडे, लेकीने मागे ठेवलेल्या झोक्याकडे, बघत राहिली.

आता इथे पुष्कळ शांत असते. बाळारामने टीव्ही इन्व्हर्टरला जोडून घेतला आहे. मालिकेचे पुढचे पर्व सुरू झाले की उन्नती नागपूरहून फोनवर बापाशी भांडणार आहे, असे ठरले आहे. दिवाळीत मला काढून टाकायची भाषा मात्र आता कुणी करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल, तर त्याच्यावर कपडे टाकू नका. बसा. कड्यांना अधूनमधून तेलाचा थेंब घाला. आणि शेजारी बसलेल्याचा पाय अस्वस्थ हलत असेल, तर पडद्यावरून नजर काढून एकदा त्याच्याकडे बघा. द्रौपदीने बघितले, म्हणून या घरातली एक गोष्ट पोटातच राहिली नाही.

त्या सकाळी मला कुणीच थांबवले नाही. रिक्षाचा आवाज स्टेशनच्या रस्त्याला लागून विरेपर्यंत मी हलत होतो. मग मी माझा मीच थांबलो.