दादाने विकलेले शेअर

माझा थोरला भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. जगाला लांबचं दिसावं म्हणून झटणाऱ्या या माणसाला शेअर बाजारात मात्र नाकासमोरचं दिसत नाही. दादाने घेतला, की शेअर आजारी पडलाच म्हणून समजा. आणि कंटाळून विकला, की तोच दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन उड्या मारायला लागतो.

या गुणाची पहिली कदर केली ती माझ्या नवऱ्याने. दादा घरी येऊन "आज अमुक कंपनीचे घेतले बरं का" म्हणाला, की आम्ही त्याला चहा देतो, "वा, छान!" म्हणतो आणि त्याची पाठ वळताच आमच्याकडचे ते शेअर विकून मोकळे होतो. त्याने विकले, की आम्ही घेतो. माझं पार्लर यावरच उभं राहिलं.

आता शेजारचा गाळा रिकामा झाला होता. केस धुवायचं बेसिन, आणखी एक खुर्ची, सगळं मी मनात मांडूनसुद्धा ठेवलं होतं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, पण पैसे थोडे कमी पडत होते. आणि दादा आला.

"ती पंपवाली कंपनी आहे ना," तो टेकता टेकता म्हणाला, "तिचे सगळे विकून टाकले बाई. नको तो ताप."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाळ्यासाठी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं मी त्या पंपांत घातलं. शेअर जो घसरायला लागला, तो घसरतच गेला.

"तुझ्या भावाचा काही भरवसाच राहिला नाही," नवरा म्हणाला.

मी तणतणत दुकानात गेले. दादा एका काचेची कड घासत होता.

"तू विकलेस, मग खाली कसा गेला रे?" बोलून गेले आणि जीभ चावली.

दादाने मशीन बंद केलं. "विकले नव्हते गं. उलट आणखी घेतले. या वेळी अगदी खात्री होती. म्हटलं, तुलाही मिळू देत. पण 'घेतले' म्हणालो असतो, तर तू घेतलेच नसतेस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. तुझ्या नवऱ्याला हसू कुठे दाबता येतं?"

"मग दर वेळी येऊन सांगायचास कशाला?"

"निदान तुझं तरी भलं होत होतं ना!"

मला रडूच आलं. भांडायला आले होते, ते राहूनच गेलं. दादाने घाईघाईने फोन काढला. "रडू नकोस. आत्ता विकतो माझे सगळे. मी विकले, की वर जाणारच. गाळा कुठे जात नाही तुझा."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. उपाय हमखास होता. मग मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"काही विकायचं नाही. तू ठेवणार, तर मीही ठेवणार."

"अगं, बुडशील!"

"बुडेन."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या बाजूने पैसे लावणारं पहिलंच माणूस त्याच्यासमोर उभं होतं.

"मग," तो हळूच म्हणाला, "दोघं मिळून आणखी थोडे घेऊ या का?"