राणीची न्हाणी

आमच्या शहराच्या तलावात नगर परिषदेने कारंजं बसवलंय. रोज संध्याकाळी सहाला ते गाण्यावर नाचतं. पाणी कुठलं, तर तलावातलंच. आणि तलावात ते येतं गुजरीच्या नाल्यातून, कोष्टीपुऱ्याच्या गटारातून आणि नव्या वसाहतीच्या संडासांतून. हे पाणी वीस फूट उंच उडतं, वाऱ्याबरोबर लोकांच्या तोंडावर येतं, आणि लोक डोळे मिटून, हसून, पोराबाळांना पुढे करून फोटो काढतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी जाऊन दोनदा साबणाने तोंड धुतलं.

तलावाच्या बांधावर, पाळीवर, सहा फ्लेमिंगो पण उभे केलेत. फायबरचे, गुलाबी. वडशापासून तासाभरावरचं, धानाच्या बांध्यांत वसलेलं आमचं गाव. इथे कोणाच्या पणज्यानेही फ्लेमिंगो पाहिला नव्हता. त्यातल्या एकाची मान मोडलीय आणि त्या भोकात लोक खर्रा थुंकतात. याला सौंदर्यीकरण म्हणतात.

मी रंजीता. नगर परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं चौथीला शिकवते. मला किळस लवकर येते, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण कारंज्याचं पाणी साबणाने निघतं. जे निघत नाही ते सांगायला बसलेय.

मागच्या वर्षी नगर परिषदेने मुलांसाठी एक पुस्तक काढायचं ठरवलं, ‘तलावकाठचं आपलं शहर’. कुठला मोहल्ला कसा वसला, कुठे काय पाहण्यासारखं आहे, सगळं चित्रांसकट. लिहायला मला सांगितलं. सांगणारा अतुल, सौंदर्यीकरण समितीचा सभापती आणि माझाच जुना विद्यार्थी. मी हुरळून गेले. मुखपृष्ठावर नाव येणार होतं ना.

मी मन लावून लिहिलं. ज्यांनी तलाव बांधला त्या कोहळ्यांचा मोहल्ला, कोष्ट्यांचे माग कुठे होते, गुजरी आधी चिंचेखाली कशी भरायची, सगळं. अतुलने मसुदा वाचला आणि म्हणाला, “मॅडम, राणीची न्हाणी कुठी हाये? तेच तर मेन हाये.”

ती मी मुद्दाम सोडली होती.

पाळीपासून वीस-पंचवीस हातांवर पाण्यात एक चौकोनी दगडी बांधकाम आहे, वर चार खांब आणि आत उतरायला पायऱ्या. बावीस वर्षांपूर्वी मी नागपूरहून नवीन आले होते. चौथीचा वर्ग परिसरभेटीला तलावावर नेला, सोबत तपासणीला आलेले साहेब. एका मुलीने विचारलं, मॅडम ते काय आहे? मला माहीत नव्हतं. साहेबांसमोर ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, ती राणीची न्हाणी. गोंडराजाची राणी पालखीतून यायची, दासी पडदा धरायच्या, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. साहेबही. एका पोराने हात वर केला, “मॅडम, ते तर तुडुम हाये.” मी त्याला म्हटलं, हात खाली, मध्ये बोलू नये.

तो पिंटू. त्याचा बाप घनश्याम त्या तुडुमावर बुडी मारायचा.

पुढच्याच वर्षी मी ते डोळ्यांनी पाहिलं. धान गर्भात आला आणि पाऊस दडी मारून बसला की शेतकरी घनश्यामकडे यायचे. त्या दगडी बांधकामात एकाखाली एक भोकं आहेत, लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली. तलाव उतरेल तशी खालची गुट्टी काढायची, म्हणजे पाणी पाळीखालून बांध्यांत जातं. सगळ्यात खालची काढायला माणसाला दम कोंडून अंधारात जावं लागतं, आणि गुट्टी सुटली की पाणी त्याला ओढून घेतं. हे काम पाळीवरच्या अठरा ढिवर, मासेमार घरांचं. त्याच कामापायी मालगुजाराने त्यांना पाळीवर जागा दिली होती, तोंडी. कागद नाही.

हे कळल्यावर मी वर्गात जाऊन, मुलांनो मी चुकले, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दरवर्षी चौथी आली की राणी पालखीतून यायची. दरवर्षी मी एखादी दासी वाढवली. आणि पुस्तकातही अकराव्या पानावर राणी आली, रंगीत, ओल्या साडीत. तुडुमाचं एक वाक्य मी लिहून पाहिलं होतं. अतुल म्हणाला, दोन्ही कसं राहीन मॅडम, पोट्टे कन्फ्यूज होतीन. मी ते खोडलं.

पुस्तक निघाल्यावर दोन महिन्यांनी आशाबाई माझ्या दारात आली. घनश्यामची बायको. तो तापाने जाऊन आठ वर्षं झाली. खालून लोखंडी दाराचा कालवा झाल्यापासून तुडुम बंदच आहे. पिंटू आता डोंग्यावर मासे धरतो आणि शिंगाडे लावतो. आशाबाईच्या हातात नोटीस होती.

“मॅडम, वाचून सांगा. पिंट्यानं वाचलं, पण मले भरोसा नाई.”

मी वाचलं. ‘राणीची न्हाणी या पुरातन वास्तूच्या परिसरातील अतिक्रमित झोपड्या’ एका महिन्यात हटवायच्या होत्या. आधार म्हणून खाली पुस्तकाचं नाव होतं. पान अकरा. लेखिका मी.

मी उंबऱ्यावरच बसले. आशाबाईने घरातून पाणी आणून दिलं, माझ्याच घरातून, मलाच.

“न्हाणी कोन्ती म्हणते?” तिने विचारलं. “आमच्या तुडुमाले म्हणते का?”

मी हो म्हणाले. मग सगळं सांगितलं, साहेब, पालखी, पाकळ्या. चिडेल, शिव्या देईल, असं वाटत होतं. ती म्हणाली, “असं हाये का. आमाले का माईत, आमी तं अंदरूनच पाह्यलं.” आणि नोटिशीची घडी करत, “मंग मॅडम, आता तुमी जे सांगतलं ते साहेबाइले बी सांगा. तुमचं ऐकतीन.”

अठरा घरांनी हरकतीचा अर्ज दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. सुनावणी नगर परिषदेच्या सभागृहात होती. भिंतीवर तलावाचा मोठा फोटो, पाणी निळंशार. असं निळं पाणी मी या तलावात जन्मात पाहिलं नाही. टेबलावर समोसे, आणि अतुल मधोमध.

सगळे बसले. आशाबाई दाराजवळ उभी राहिली, हातावर घडी केलेलं कोरडं धोतर. मी तिला खुर्ची दिली. “नाई मॅडम,” ती म्हणाली. “माणूस पाण्यात असन तवा घरची बाई बसत नाई. भाईर निघन, आंग पुसन, मंग बसाचं.” आज कोण पाण्यात आहे, ते मी विचारलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

मी उठले आणि बोलले. एकही आडपडदा ठेवला नाही. न्हाणी मी रचली, राणी मी रचली, त्या जागेला कोणी कधी न्हाणी म्हणत नव्हतं. ते तुडुम आहे, ही घरं त्या तुडुमासाठी वसली, तुडुम जेवढं जुनं तेवढी ही घरं जुनी. पुस्तकात जे छापलं ते खोटं, आणि ते खोटं आहे हे मला छापताना माहीत होतं. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी आशा होती. तसं काही झालं नाही.

अतुलने समोसा खाली ठेवला. मला वाटलं होतं तो लबाडी करेल. लबाडी असती तर मी भांडले असते. त्याचे डोळे भरून आले होते.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी चौथीत असल्यापासून त्या पाळीवर जाऊन बसतो. माह्या डोक्यात तेव्हापासून होतं, मोठा झालो का तिथी कायतरी चांगलं करीन. तुमीच सांगतलं होतं, आपल्या गावाले इतिहास हाये म्हणून.” मग त्याने नाक पुसलं आणि सभापती झाला. “तुमी तवा खोटं बोलल्या का आता बोलून राह्यल्या, हे आमी कसं ठरवाचं?”

“तेव्हा,” मी म्हणाले. “तेव्हा खोटं बोलले.”

“बावीस वर्ष? हरेक चौथीले?”

मी मान हलवली. मागच्या खुर्चीवर कोणीतरी हसलं. लोकांना त्या हसण्याचं काही वाटलं नाही, समोशाची ताटली पुढे सरकत राहिली.

अतुल अर्ज चाळत म्हणाला, “तुमच्याशिवाय कोनाले माईत होतं का?” तेव्हा पिंटू उभा राहिला. पायजम्यावर चिखल, नुकताच तलावातून आलेला. सरळ माणूस आहे, खोटं बोलता येत नाही त्याला. “मले माईत होतं,” तो म्हणाला. “माहा बाप बुडी मारे. मी वर्गात सांगतलं बी होतं.”

“पिंट्या, तू तं माह्याच बाकावर होता,” अतुल म्हणाला. आवाजात खोट नव्हती, खरंच आठवून विचारत होता. “वार्षिक परीक्षेत आला होता हा प्रश्न. तलावातल्या दगडी वास्तूचं नाव आन उपयोग. तू का लिवलं होतं?”

पिंटूने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, खोटं बोल, एकदा तरी खोटं बोल, मी इतकं बोलले.

“राणीची न्हाणी,” पिंटू म्हणाला. “बाबाले घरी जाऊन इचारलं होतं. बाबा म्हणे, आपल्याले तुडुम माईत हाये तं माईत हाये. पेपरात मॅडम म्हणते तेच लिव.”

“आन मार्क?”

“पाचपैकी पाच.”

कारकुनाने ते लिहून घेतलं, आणि समितीने त्याच बैठकीत अर्ज फेटाळला. पेपर मीच तपासला होता. त्या उत्तरापुढे लाल शाईने ‘छान’ लिहिल्याचंही मला आठवतंय.